दानम्माचे हात

"जात्यापाशी रुसवा आणायचा न्हाई गं पोरींनो. मनात असंल तेच पिठात उतरतंय."

सासूबाई, म्हणजे साऱ्या घराच्या अव्वा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी मागच्या खोलीत जातं फिरू लागलं की शिवकांताला त्यांचा तो घोगरा आवाज हमखास ऐकू यायचा. आज जातं थांबलेलं होतं, तरीही तो आला. कारण जात्यापाशीच भांडण उभं राहिलं होतं आणि शिवकांता देवघरात बसून ते ऐकत होती.

डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे आणि तोंड बंद. उठल्यापासून लिंगपूजा संपेपर्यंत शब्द बोलायचा नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा नेम तिनं या घरात सून म्हणून आल्यापासून पाळला होता. अंगात ताप असो, दारात पाहुणा असो, नेम कधी चुकला नव्हता. तरोडा नाक्याच्या गल्लीत बायका त्याचं कौतुक करत. खरं सांगायचं तर, करतात हे तिला माहीत होतं आणि आवडतही होतं.

"दानम्मा, हात दाखव तुझा." हा आवाज नणंदेचा, राजकन्याताईंचा. पहिल्या गाडीनं लातूरहून आल्या होत्या, पायातली चप्पलसुद्धा रागानंच काढली होती.

"ताई, आधी च्या तरी घ्या."

"च्या घाल चुलीत! हात दाखव म्हणून राहिले ना मी?"

राजकन्याताईंचा सुस्कारा ऐकू आला.

"हेच ते बेलपान गोंदलेलं. आन् व्हिडिओत त्याच्यावर हिरवागार चुडा! अगं, माझ्या गीतांजलीची होणारी सासू फोन करून विचारती मला, तुमच्या धाकट्या वैनीनं दुसरं लगीन केलं म्हणं, आम्हाला पेढेबी न्हाईत का? मी तोंड कुठं लपवू सांग. आमचा अमृत जाऊन इतकी वर्षं झाली, आन् त्याची बायको फोनमधी चुडा भरून जातं फिरवती! कुणी घातल्या त्या बांगड्या तुला?"

शिवकांताच्या बोटातलं बेलाचं पान लिंगावर न वाहताच थांबलं. आता धाकटी जाऊ नाव घेणार. म्हणणार, अक्कांनी घातल्या. आणि ते खरंच होतं.

"माझ्या मीच घातल्या," दानम्मा म्हणाली.

एक शब्द पुरला असता. दार उघडून 'मी' एवढंच म्हणायचं होतं. शिवकांतानं मान खाली घातली आणि पुढचं बेलपान उचललं. मग आणखी एक. रोज एवढ्यात संपणारी पूजा त्या दिवशी लांबतच गेली, आणि देवाला सगळं दिसतं म्हणणाऱ्या त्या बाईला देवासमोर बसूनच पहिल्यांदा लपल्यासारखं वाटलं.

आता हे व्हिडिओचं प्रकरण घरात शिरलं कसं, तर पोटापायी. अमरनाथ, शिवकांताचा मुलगा, ज्या क्लासमध्ये गणित शिकवायचा तो क्लास बंद पडला. मग घरात जे होतं तेच विकायचं ठरलं. घरात होतं येसर. मराठवाड्यात लग्नाची पंगत म्हटलं की येसराची आमटी आली. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, मसाले असं सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. लग्नघरी त्याचा मुहूर्त करतात. पाच सवाष्णींनी जात्याला हात लावायचा, मगच पुढचं काम. अव्वांच्या हाताला त्याची चव होती. अव्वांनंतर ती नेमकी उतरली दानम्माच्या हाताला, जिला त्या मुहूर्ताला कुणी बोलावत नसे. मुहूर्त झाला की मात्र सगळं दळण तिच्याच पुढ्यात यायचं.

अमरनाथनं आधी स्वतःचे व्हिडिओ काढले. इस्त्रीचा सदरा, हातात पाकीट, 'नमस्कार मंडळी, आम्ही घेऊन आलो आहोत'. ते कंधारच्या एका मावसभावाशिवाय कुणी शेवटपर्यंत बघितले नाहीत, आणि त्यानंही बघून "सदरा कुठून घेतला?" एवढंच विचारलं.

"पाकीट कोण बघतं हो?" त्याची बायको मनस्विनी म्हणाली होती. "अंगठा सरकायच्या आत माणूस थांबला पाहिजे. काहीतरी हललं पाहिजे, वाजलं पाहिजे."

आणि तिनं फोन ठेवला जात्याशेजारी, अगदी जमिनीलगत. गाणं नाही, बोलणं नाही. दगडाची घरघर, पाळीवरून सांडणारं तांबूस पीठ आणि दानम्माचे हात. एक हात खुंट्यावर, दुसरा मूठमूठ दाणे सोडणारा. मनस्विनीनं फोनच्या पडद्यात बघितलं आणि सहज म्हणाली, "काकू, मनगटं जरा मोकळी दिसतायत. काहीतरी घाला ना. कडं, घड्याळ, काहीही चालेल."

पोरीला काहीही चाललं असतं. पण शिवकांताच्या मनात आलं, लग्नाचं येसर आहे, लोक शकुनाला घेणार, मोकळे हात बरे दिसायचे नाहीत. ती उठली. माहूरच्या गडावर रेणुकामातेची ओटी भरून आणलेल्या हिरव्या बांगड्या डब्यातून काढल्या आणि दानम्माचा हात मांडीवर घेऊन स्वतः भरल्या. व्हिडिओ असा काही धावला की पुण्याहून, हैदराबादहून मागण्या आल्या.

पूजा आटोपून शिवकांता बाहेर आली तेव्हा घर माजघरात गोळा झालं होतं. शिवमूर्ती, तिचे यजमान, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पान उलटत नव्हते. दानम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

"खाली बघा काय लिहिलंय लोकांनी," मनस्विनी रडवेली झाली होती. "अभिनंदन काकू. कुणी लिहिलंय, औशाच्या दानम्माला ओळखलं मी, देवानं पुन्हा सुख दिलं. मी काढून टाकते हा व्हिडिओ."

"काढून टाकती म्हणं!" अमरनाथ उसळला. "येडी झालीस काय? एकच तर चाललाय आपला."

"काढूनच टाका," राजकन्याताई म्हणाल्या. "माझ्या पोरीचं लगीन तोंडावर आलंय. दादा, तुम्ही बोला की काहीतरी. पेपरात काय एवढं चिकटून राहिलंय?"

शिवमूर्तींनी चष्मा काढला. "आपल्या शरण-संतांच्या वचनांत तर शुभ-अशुभ मानलेलंच न्हाई."

"मग मानायचं न्हाई का मामा?" मनस्विनीनं आशेनं विचारलं.

"वचनांत न्हाई मानत," शिवमूर्ती म्हणाले, आणि चष्मा परत चढवला.

"हे बघा," अमरनाथ खाली बसला आणि आवाज उतरवून बोलू लागला, जसा क्लासमध्ये अवघड गणित सोडवताना बोलायचा. "काढायचाबी न्हाई आन् आत्याची बदनामीबी न्हाई. बेलपान काय एकटीच्याच हातावर असतं का? आपण खाली लिहू, हे हात आमच्या काकूचे न्हाईत. दळायला लावलेल्या बाईचे हायत. मिटलं."

दानम्माच्या सुपातला हात थांबला.

"दळायला लावलेली बाई?" राजकन्याताई हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अरे भाड्या, कुणाला म्हणतूस? माझ्या भावाची बायको हाय ती! तुला न्हाऊ घातलंय तिनं. तुझी आई सोवळ्यात बसायची तवा तुझी ढुंगणं कुणी धुतली?"

"आत्या, मी फक्त लिहायचं म्हणतोय."

"लिहून तर बघ! मी लातूरभर सांगंन, माझ्या भाच्यानं घरच्या बाईला मोलकरीण केलं म्हणून."

आल्या होत्या दानम्माशी भांडायला, आणि तिच्याच बाजूनं पदर खोचून उभ्या राहिल्या. शिवकांता माजघराच्या मधोमध आली.

"बांगड्या मी घातल्या," ती म्हणाली.

"काय म्हणालात वैनी?"

"मी घातल्या. दानीनं न्हाई. तुम्ही विचारलंत तवा ती खोटं बोलली, आन् मी आत बसून ऐकलं."

राजकन्याताई खाली बसल्या. "तुम्ही? एवढा नेमधर्म करणाऱ्या तुम्ही?"

"चुकले मी. दाने, तुला त्या घालायला नको होत्या. माफी मागते मी तुझी, सगळ्यांसमोर."

दानम्मानं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसले. तिचं बोलणं नेहमीच कमी होतं, अन् जे होतं तेही बेतानं.

"घातल्याचं मला काही न्हाई वाटलं अक्का," ती म्हणाली. "खरं सांगू का, बरं वाटलं. व्हिडिओ झाला तरी मी काढल्या न्हाईत. तशीच भांडी घासली. कपडे वाळू घातले. वाजत होत्या."

तिनं रिकाम्या मनगटावरून हात फिरवला.

"मग तुम्ही मोरीपाशी आलात, साबणाची वडी घेऊन. म्हणालात, काढ आता, कुणी बघंल. सांभाळून काढ, फुटायच्या न्हाईत. पहिल्या बारीला फोडल्या होत्या लोकांनी. ह्या बारीला साबण लावून काढल्या. एवढंच."

आणि ती उठून आत गेली.

शिवकांताला ती दुपार जशीच्या तशी दिसली. आपणच पाणी ओतत होतो. आपल्याला घाई होती, आणि बांगडी फुटली तर अपशकुन होईल, आपल्या यजमानांवर येईल, अशी भीती होती. दानम्माच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नव्हतं. काढलेल्या बांगड्या पुसून, मोजून, डब्यात ठेवताना उलट हायसं वाटलं होतं.

दुपारपर्यंत दानम्माची पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाची डबी, इष्टलिंग ठेवायचा करडा. "औशाला भावाकडं जाऊन येते," ती म्हणाली. जाऊन येते म्हणाली, पण उंबरठ्यावरचं पाऊल परत यायचं नव्हतं. ते सगळ्यांना कळत होतं. राजकन्याताईंनी "माझ्याबरबर चल, लातूरला उतरू, जेवून जा" असं म्हणून पाहिलं, तर दानम्मा म्हणाली, "ताई, तुमच्या घरी मुहूर्ताची गडबड. मी कशाला?" राजकन्याताई पदराशी चाळा करत राहिल्या.

शिवकांता तिला सोडायला फाटकापर्यंत गेली. रिक्षा अजून यायची होती.

"मी काय करू सांग दाने. म्हणशील ते करते. व्हिडिओ काढून टाकायला लावू?"

"काढू नका. पोराचं पोट हाय त्याच्यावर." दानम्मा रस्त्याकडं बघत होती. "हात कुणाचे ते सांगा लोकांना. तुमच्या तोंडानं. मी लगीन केलं न्हाई, आन् मी मोलकरीणबी न्हाई."

"सांगते. फोनपुढं बसून सांगते."

"तुम्ही? घरात सत्यनारायणाचा फोटो काढायचा म्हणलं तरी पदर आडवा घेता तुम्ही."

"सांगते म्हणलं ना. आन् आधी तुला दाखवते. तुला पटलं तरच लोकांनी बघायचं."

दानम्मानं कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा फोन काढून दाखवला. पडदा नखाएवढा, त्यावर तडा. "ह्याच्यात?"

"मी घेऊन येईन औशाला. अमरनाथला न्हाई पाठवणार. मीच येईन."

रिक्षा आली. दानम्मा बसली. जाताना तिनं 'या' म्हटलं नाही आणि 'नको' पण म्हटलं नाही.

व्हिडिओ करायला संध्याकाळ गाठली. मनस्विनीनं मागचं दार उघडलं, उजेड जात्यावर येईल असा पाट मांडला आणि फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवला.

"बोला आई."

शिवकांतानं हात जोडले. "सर्व भाविक बंधुभगिनींना शरणु शरणार्थी. आज आपल्यापुढं..."

"आई, प्रवचन झालं हे."

दुसऱ्यांदा ती बोलता बोलता पडद्यावर स्वतःलाच बघू लागली. कुंकू नीट केलं, केसांवर हात फिरवला. आपला चेहरा एवढा थकलेला कधी झाला? मनस्विनीनं काही न बोलता फोन उलटा फिरवला. आता समोर नुसता काळा गोल डोळा होता.

"आता कुणाशी बोलू मी?"

"काकूंशी बोला. लोक ऐकतील मागून."

शिवकांता त्या काळ्या डोळ्याकडं बघत राहिली. मागं कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी वाजली. मनस्विनी "थांबवू का?" म्हणणार, तेवढ्यात शिवकांता बोलू लागली. आवाज एवढा हळू की मनस्विनीला पुढं वाकावं लागलं.

"दाने, तुझे हात हायत ते. अव्वांचं येसर अव्वांनंतर तुझ्याच हातानं झालं, आन् पाकिटावर नाव आम्ही अव्वांचं लावलं. लोक विचारायलेत बांगड्या कशा आल्या. त्या मी घातल्या. मला वाटलं मोकळे हात लोकांना चालणार न्हाईत. मग दुपारी मीच त्या काढायला लावल्या. का, तर कुणी बघंल. तुझ्या मालकाला जाऊन इतके दिस झाले, मी रोज देवाला बेल वाहते, आन् एक दिवस तुझ्या हातात काकणं राहू द्यायला मला भ्या वाटलं. एवढंच सांगायचं होतं. लोकांनो, येसर लागलं तर हिच्याच हातचं मिळंल. ती परत आली तर."

मनस्विनीनं बटण दाबायला वेळ लावला. डोळे पुसून मग दाबलं.

अमरनाथ दारात उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. "आई, हे टाकलं तर लग्नाच्या मागण्या बसल्या म्हणून समज. विधवेच्या हातचं म्हणलं की लोक..."

"आजवर काय खाल्लं रे त्यांनी?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"तुला होतं," शिवकांता म्हणाली. "मलाबी होतं."

तो जात्याच्या पाळीत साचलेलं पीठ बोटानं उगाच सारखं करत राहिला. मग विचारलं, "काकू माझ्यावर रागावलीय का?"

"ते तूच विचार. आज न्हाई. आधी मी जाऊन येते."

रात्री जेवण कुणाला गेलं नाही. येसराची आमटी होती, दानम्मानं सकाळीच करून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मनस्विनीनं आपला जुना फोन सासूच्या हातात दिला. "हे दाबलं की लागेल. आवाज इथून वाढतो. हे लाल दिसतंय ते दाबू नका, पुसलं जाईल." शिवकांतानं पाटावर बसून तीनदा लावून बघितला, पोथी पाठ करावी तसा. स्वतःचा आवाज ऐकवेना, तरी ऐकला.

देवघरात जाऊन तिनं बांगड्यांचा डबा काढला. पिशवीत ठेवला. मग बाहेर काढला. दानम्माला त्या पुन्हा हव्यात की नकोत हे आपण ठरवून घेऊन जायचं, म्हणजे पुन्हा तेच झालं. तिनं डबा जागेवर ठेवला आणि कवाड लावून घेतलं.

"अमरनाथला संगं घेऊन जा की," शिवमूर्ती खुर्चीतून म्हणाले. "लातूरला गाडी बदलायची, तुला कळायचं न्हाई."

"विचारीन कुणाला तरी."

"आन् तिनं तोंडच न्हाई दाखवलं तर?"

शिवकांतानं पिशवीची नाडी ओढली.

"तर बाहेर बसंन थोडा वेळ," ती म्हणाली.

फाटकाची कडी तिनं आवाज न करता लावली आणि रिक्षासाठी न थांबता, फोनची पिशवी छातीशी धरून, बसस्टँडच्या रस्त्याला लागली.